चटईवर वाळत घातलेले दिवे

हिराआत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कंपनीत होतो. आमच्या कारखान्यात मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो, त्यामुळे निरोप आधी गेटवर आला, तिथून प्रयोगशाळेच्या फोनवर. हातातले नमुने अर्धवट टाकून निघता येत नाही. बदलीचा माणूस येईपर्यंत थांबावं लागतं. त्या दिवशी तो उशिरा आला. काचेपलीकडे रस्ता दिसत होता, आणि मी ॲप्रन घालून तिथेच उभा होतो... बोईसरहून दातिवऱ्याला पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली. आत्याला ओटीवर ठेवलं होतं. अंगणात माणसं जमली होती. आणि अंगणाच्या कडेला, मांदेली वाळत घातलेल्या चटईवर, नारळाच्या वाडीतल्या वाटेवरचे सगळे दिवे आपोआप लागले होते. मासळीच्या मधूनमधून त्यांचा पिवळा उजेड कडेकडेनं बाहेर येत होता. दुपारी जेवून आत्या चटईशेजारी पडली ती उठलीच नाही, आणि मग चटई आवरायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

दिवे मासळीबरोबर का होते, हे सांगायचं तर मागून सुरुवात करावी लागेल.

हिराआत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. लवकर विधवा झाली, माहेरी आली, आणि सुक्या मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बोईसरच्या बाजारात बसू लागली. माझी आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पालघरला कॉलेजात जायचो तेव्हा माझ्या शर्टाला सुकटीचा वास येतो म्हणून मुलं हसतात, असं एकदा तिला म्हणालो. ती म्हणाली, "येऊ दे. त्याच वासावर शिकतोस ना?" त्यानंतर मी ती तक्रार कधी केली नाही. आज बी.एस्सी. म्हणून जो काही पगार घेतो, तो त्या पाटीचा आहे, हे मी कुठेही सांगतो.

बाजारात तिच्या शेजारी यशोदाबाय बसायची. दोघी एकाच टेम्पोनं जायच्या, एकाच डब्यातलं जेवायच्या, आणि गिऱ्हाईक पळवल्याबद्दल एकमेकींना रोज शिव्या घालायच्या. यशोदाबायला लकवा झाला आणि तिची खाट खिडकीला लागली. तिचं घर आमच्या वाडीच्या दुसऱ्या टोकाला. मुलगा, सून दोघंही कंपनीत शिफ्टला. आत्याचा दिवस मासळीत जायचा, पण संध्याकाळ यशोदाबायची होती. नारळीतल्या वाटेनं ती जायची, तिला भरवायची, पाय चेपायची, गावातलं सगळं सांगायची.

मग आत्याचे डोळे गेले. पूर्ण नाही, दिवसा दिसायचं, पण ऊन उतरलं की सगळं काळं. पालघरच्या डॉक्टरांनी पडद्याचा आजार सांगितला, आणि त्यावर औषध नाही असंही. पहिले काही महिने वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, तिला बॅटरीच्या उजेडात हात धरून परत आणायची. एकदा वळणावर माडाच्या मुळात आत्याचा पाय अडकला, आणि दोघीही शिंपण्याच्या पाटात पडल्या. आत्याचं मनगट मोडलं. भाऊ होडीवर होता. वहिनी इतकी घाबरली, की अंधारात तिला घेऊन चालणार नाही म्हणाली, आणि दिवेलागणीला दाराची वरची कडी घालू लागली. तिलाही मी दोष देत नाही. दोन लहान मुलं, नवरा समुद्रात, आणि म्हातारीला काही झालं तर गाव बोलायला तयार. मी रजेवर घरी गेलो की आत्या दाराच्या आत पाटावर बसलेली असायची. म्हणायची, "कोंबड्या नि मी एकाच टायमाला खुराड्यात. कोंबड्या निदान अंडी तरी देतात."

म्हणून वाटेवर दिवे लावायचं ठरलं. पहिल्यांदा मी भिंतीवर मोठा दिवा बसवला. उजेड भरपूर पडला, पण आत्या त्याला पाठ करून चालायची, त्यामुळे तिची स्वतःचीच सावली पायापुढे पडायची. परत येताना तोच दिवा थेट डोळ्यांत. ती म्हणाली, "जाताना अंधार, येताना आंधळी. चांगला आनलास." वाटेतून वायर पुरावी तर वाडीला पाणी सोडतात, कुदळ चालते; वहिनीनं साफ नकार दिला. शेवटी आत्यालाच घेऊन बोईसरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं सोलरचे दिवे काढले. कमरेएवढीही उंची नाही, खाली खुंटी, वर छत्रीसारखी टोपी; टोपीवर ऊन घेणारं पान, आणि उजेड खाली पायाशीच पडणारा. आत्यानं टोपी उचलली, आत बोट घातलं, उलटीसुलटी केली. दुकानदार म्हणाला, "मौसी, लाइट है, मच्छी नहीं." आत्या म्हणाली, "बगून घेते. वास मारला तर तुज्याच दारात आनून टाकीन."

खुंट्या रोवायला मी दोरी घेऊन गेलो होतो. सारख्या अंतरावर, सरळ रेषेत, असं माझ्या मनात होतं. आत्यानं दोरी गुंडाळायला लावली. ती काठी टेकत पुढे चालली, आणि जिथे तिचा पाय बिचकला, तिथे मी खुंटी ठोकली. त्यामुळे सरळ भागात बराच वेळ दिवा नाही, पाण्याच्या पाटाच्या दोन्ही अंगांना एकेक, आणि वळणावरच्या त्या माडापाशी तीन. भाऊ बघून म्हणाला, "ह्यांची इथं मीटिंग हाय काय?"

पण आमच्या वाडीत माडांची सावली इतकी दाट, की दिव्यांना ऊनच मिळेना. दोन दिवसांत ते मलूल झाले. मी काही सुचवायच्या आत आत्यानं तोडगा काढला. सकाळी ती सगळ्या टोप्या काढून पाटीत भरायची आणि अंगणात मांदेलीच्या चटईवर मांडायची. उन्हं कलली की नेऊन खुंट्यांवर बसवायची. दारावरची कडी सुटली. ती पुन्हा जाऊ लागली.

फक्त एक गडबड होती. दुपारी मांदेली पालथी करायची वेळ झाली, की पुष्कळदा ती दिवेही पालथे करायची. मी समजावलं, की पान चटईकडे गेलं की दिव्याला वाटतं रात्र झाली, मग तो भर उन्हात जळत राहतो आणि संध्याकाळी लवकर विझतो. तिनं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "एका अंगानं वाळवली तर मांदेली आतून वली रेते." मी पुन्हा सांगितलं. तिनं मान डोलावली, आणि माझी पाठ वळली की पुन्हा पालथे. जाईपर्यंत दिवे पुरायचे, येईपर्यंत पुरायचे नाहीत. मग वहिनी अंगणातूनच ओरडायची, "आत्ये, दिवे गेले, आता रावा तिथंच." आठवड्यातून दोन-तीनदा तरी असं व्हायचं. गावात मी हसत हसत सांगायचो, की आमच्या आत्याला विज्ञान काही पटत नाही.

पावसाळ्यात ऊनच नसायचं. कडी पुन्हा लागायची, आणि ती पाटावर बसून दाराकडे बघत राहायची.

ती गेली त्या दिवशी दिवे पालथे करायला कोणी नव्हतं. ते सकाळपर्यंत जळत होते.

दिवसकार्य आटोपल्यावरच्या रविवारी मी यशोदाबायकडे गेलो. तिचं बोलणं जड झालंय, पण समजतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून दिव्यांची गोष्ट काढली. म्हणालो, एवढं सांगितलं, पण तिच्या डोक्यात शेवटपर्यंत शिरलं नाही. यशोदाबाय तोंडाच्या एका बाजूनं हसली.

"तिला समदं समजलवतं रे. तूच तर शिकवलास तिला. ज्या दिवशी इथं रायचं आसंल, त्या दिवशी पालथे."

आत्यानं दुसऱ्याच्या घरी झोपायला जाते म्हटलं असतं, तर लोक म्हणाले असते, सुनेनं हाकलली. वहिनीनं जाऊ दिलं नसतं. पण दिवेच विझले, तर त्याला कोण काय करणार?

"दोगी झोपायचो कुठं?" यशोदाबाय म्हणाली. "झोपायचोच नाय. बाजार मांडायचो, रातभर त्याच शिव्या."

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. तिथून आमची वाट दिसते. हल्ली संध्याकाळी कोण येतं, असं मी विचारलं. तिनं नुसती मान हलवली; कोणीच नाही.

मी घरी आलो. ऊन डोक्यावर होतं. आत्या मांडायची तशाच वहिनीनं टोप्या चटईवर मांडल्या होत्या, मासळी नव्हती तरी. मी खाली बसून एकेक टोपी पालथी केली. संध्याकाळी त्या खुंट्यांवर बसवल्या आणि वाडीतून चालत गेलो. माडापाशी, तीन दिव्यांजवळ, पाय आपोआप हळू पडला. यशोदाबायला भरवलं, पाय चेपले, तिनं सांगितलेले बाजारातले सगळे जुने हिशेब ऐकले. दिवे विझले तेव्हा वहिनीची हाक आली नाही, म्हणून मीच यशोदाबायला म्हणालो, "दिवे गेले. आता राहतो इथंच."

मोबाइल खिशात होता, त्यात उजेडाची बॅटरीही आहे. ती मी लावली नाही.