ऑरेस्टचं गवत

ऑरेस्ट कोझाकला पार्कात नोकरीला लागून एकतीस वर्षं झाली. त्यातली निम्मी तरी चाळीस एकर गवतापायी डोकं फोडण्यात गेली. मी फाटकावर पास देते, त्यामुळे ती डोकेफोड मला रोज फुकटात ऐकायला मिळते.

लोक येतात ते तळ्यात डुंबायला आणि सॉसेज भाजायला. मागच्या टेकाडाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण आमच्या अख्ख्या भागात कधीच नांगर न लागलेली जमीन उरलीय ती तेवढीच. बाकी सगळा गहू. ते गवत जगवायचं तर चार-पाच वर्षांनी एकदा, बर्फ गेल्या गेल्या, जाळावं लागतं; नाहीतर झुडपं त्याला गिळून टाकतात. ऑरेस्ट दर वर्षी परवानगी मागायचा आणि राजधानीतलं, रेजायना शहरातलं ऑफिस दर वर्षी नाही म्हणायचं. कधी वारा जास्त, कधी माणसं कमी, एकदा तर म्हणे अर्जाचा नमुनाच जुना. बायको स्टेफी होती तोवर दोघं दर रविवारी गुडघे टेकून हातानं झुडपं उपटायची. ती गेल्यावर तो एकटाच जायचा.

यंदा त्याच्या निवृत्तीला महिना उरला असताना परवानगी आली. पंधरा मेपर्यंतची. पण तो मेला वारा चौदा दिवस काही पडला नाही. शेवटी मंगळवार, शेवटचा दिवस, शांत असेल असं कळलं.

आणि त्याआधीच्या शनिवारी ऑरेस्ट पुतणीच्या लग्नाला गेला असताना गावच्या महिला मंडळानं त्या टेकाडावर स्प्रूसची, म्हणजे देवदारासारख्या झाडाची, साठ रोपं लावली! प्रत्येकाला गावातल्या गेलेल्या माणसाच्या नावाची चिठ्ठी. आमच्याकडे आजोबा-पणजोबांनी या देशात आल्या आल्या वाऱ्याला आडोसा म्हणून झाडांच्या रांगा लावल्या. झाड नसलेली जमीन म्हणजे आळशाची जमीन, हे अजून आमच्या हाडात आहे.

"किती उघडंबोडकं दिसायचं रे ते," मंडळाची व्हर्ना सोमवारी म्हणाली. "तुझ्या निवृत्तीची भेट आहे ही."

"व्हर्ना, उघडं नाहीये ते. गवत आहे."

"गवत काय, माझ्याही अंगणात आहे. दर शनिवारी कापते मी."

मी हसले. आता आठवलं की लाज वाटते.

ऑरेस्टनं ऑफिसला फोन लावला. साहेब म्हणाले, लोकांच्या आठवणीची झाडं कशी जाळणार? पेपरात येईल. पुढच्या वर्षी बघू.

"पुढच्या वर्षी मी नाही," ऑरेस्ट म्हणाला. "आणि झाडं तिथं नसलीच तर?"

"नसली तर उद्या आठला माणसं पाठवतो."

तो फावडं घेऊन निघाला. मीही मागोमाग गेले. व्हर्ना वर वाट अडवून उभीच होती.

"ही गावाची माणसं आहेत, ऑरेस्ट. हात तर लावून बघ!"

तो तिला वळसा घालून पहिल्या रोपाशी वाकला. चिठ्ठीवर नाव होतं, स्टेफनिया कोझाक.

"ते मी माझ्या हातानं लावलंय," व्हर्नाचा आवाज उतरला. "मैत्रीण होती रे ती माझी."

ऑरेस्टनं चिठ्ठीवरची माती अंगठ्यानं पुसली. मग त्यानं रोप मुळांच्या मातीसकट उचललं आणि तिच्या हातात दिलं.

"तुझ्या दारात लाव. इथं तिनं कधी एक झुडूप ठेवलं नाही."

व्हर्ना रोप पोटाशी धरून गाडीकडे गेली, दार आपटलं आणि निघून गेली.

दुसऱ्या रोपाची चिठ्ठी ऑरेस्टनं वाचली आणि फावडं खाली टेकवून माझ्याकडे बघत राहिला. मी जवळ गेले. त्यावर माझ्या आईचं नाव होतं. मला इतका संताप आला, मला न विचारणाऱ्या व्हर्नाचा, ऑफिसचा, मला टाकून गेलेल्या आईचाही, की डोळ्यांपुढचं दिसेना.

"तू हो बाजूला," मी फावडं ओढून घेतलं. "हिला मी काढते."