बुडाची कड

वाळलेला कच्चा वाडगा चाकावर पालथा घालून सुरीनं तासायचा, हे काम झान हुओशेंगनं चीनमधल्या जिंगदेझन या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावात एक्केचाळीस वर्षं केलं. सोंग काळातला पसरट, इवल्याशा बुडाचा. युआन काळातला जाड, दणकट. मिंग काळातला भरल्या पोटाचा, ओठ बाहेर वळलेला. छिंग काळातला गुळगुळीत. सांगाल त्या राजवटीचा वाडगा तो काढून देई. विकले जात ते नकला म्हणूनच. पण अस्सलात आणि आपल्यात फरक फक्त वयाचा, असं तो छाती ठोकून सांगे.

गेल्या वसंतात गल्लीत गटारासाठी खणलं, तेव्हा मिंग काळातली खापरं निघाली. झाननं एक अर्धा वाडगा धुऊन पालथा केला. बुडाची कड बोटाला टोचली. सुरीनं सरळ छाटलेली, आत झुकलेली. त्यानं दुसरं खापर पाहिलं, तिसरं, अकरावं. सगळी तशीच. त्याच्या मिंग वाडग्यांची कड मात्र माशाच्या पाठीसारखी गोल. ती तर छिंगची रीत. संग्रहालयात वाडगे काचेमागं उभे असतात. बूड कोण दाखवतो?

“भूत दिसल्यासारखे काय उभे राहिलात?” बायको दारातून म्हणाली. त्याला ऐकूच आलं नाही.

तो तसाच चिखलाच्या पायांनी उस्ताद फंगकडे गेला. ही कड त्यांनीच शिकवली होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे उस्ताद अंगणात शेंगा सोलत होते. झाननं खापर त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“उस्ताद, तुमची चूक झाली होती.”

त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. “चूक नाही. मुद्दाम शिकवलं.”

“मुद्दाम?” झाननं विचारलं.

“माझ्या भावाचे वाडगे कुणीतरी मातीत पुरून जुने म्हणून विकले,” उस्ताद म्हणाले. “बेड्या त्याला पडल्या. तुरुंगातच वारला. तुझा हात त्याच्याहून सरस होता. या कडेमुळं तुझे वाडगे कुणाला जुने म्हणून खपवता आले नसते.”

“मग मला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सुधारली असतीस. ओळखत नाही का मी तुला?”

एक्केचाळीस वर्षं जाणकारांनी आपले वाडगे पालथे केले असतील आणि गालातल्या गालात हसले असतील, एवढंच झानच्या डोक्यात घुमत राहिलं.

सकाळी तो चाकावर बसला. खरी कड काढायला गेला की हात आपोआप गोल वळे. तीन वाडगे फुकट गेले. चौथा जमला. हुबेहूब. आता हा आणि जुना कुणालाच वेगळा ओळखता आला नसता. त्यानं तो उचलला आणि पाण्याच्या कुंडीत सोडला. कच्ची माती बघता बघता विरघळली.

उस्तादांशी तो पुढं दोन महिने बोलला नाही. वाडगे मात्र गोल कडेचेच करत राहिला.