बायकोचा बाप्तिस्मा

आमचं घर पणजोबांपासून ख्रिस्ती. नगर जिल्ह्यातलं गाव, वडील तिथल्या मंडळीचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. बंगळूरला नोकरीसाठी आलो तेव्हा ऑफिसातले लोक आश्चर्यानं विचारायचे, "मराठी लोकांतही ख्रिश्चन असतात?" मी म्हणायचो, असतात की. खरं म्हणजे मी स्वतः चर्चला जाणं केव्हाच सोडलं होतं. रागानं नाही, कुणाशी वाद घालूनही नाही. इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर राहिलो, रविवारी उशिरा उठायची सवय लागली आणि ते सुटलं. व्यायाम सुटतो तसं.

बायको पुण्याची, हिंदू घरातली. कोरमंगलातल्या एका कंपनीत आमची ओळख झाली. लग्नाला तिच्या घरून विरोध होता, तो मावळावा म्हणून माझे वडील एकटेच पुण्याला जाऊन तिच्या आईवडिलांसमोर बसले होते. "तुमच्या मुलीला आमच्या घरात कुणी काही बदलायला सांगणार नाही. हा माझा शब्द," असं त्यांनी सांगितलं. त्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा त्यांना चहा विचारला. मग रजिस्टर लग्न झालं, आणि आम्ही एचएसआर लेआउटमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला लागलो.

खाली घरमालकीण राहायच्या. कन्नड, ख्रिस्ती, सत्तरी ओलांडलेल्या, मुलगा परदेशात. बायको त्यांना अज्जी म्हणायची आणि त्या तिला मगळे, म्हणजे मुली. अज्जींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बायको आपणहून म्हणाली, "दर रविवारी मी तुम्हाला गाडीतून चर्चला सोडते." त्यांना सोडायचं, बाहेर गाडीतच लॅपटॉप उघडून बसायचं आणि संपलं की घेऊन यायचं, असा तिचा क्रम सुरू झाला. मी घरी झोपलेला असायचो.

एप्रिलमध्ये गाडीत बसवेना. अज्जींनी चर्चच्या दारातून हाक मारली, "ओळगे बा मगळे, फॅन इदे." आत ये, पंखा आहे. माझी बायको चर्चच्या आत पहिल्यांदा गेली ती पंख्यासाठी. हे ती आजही सगळ्यांना सांगते.

पुढे उन्हाळा संपला तरी ती आतच बसत राहिली. माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. म्हणून एका संध्याकाळी भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "मला बाप्तिस्मा घ्यायचाय," तेव्हा मी आधी हसलोच.

"कुणी पटवलं तुला?"

"कोण पटवणार? मला कन्नड कुठे कळतं?"

हे मात्र खरं होतं. भाजीवाल्याशी बोलण्यापुरतं स्वल्प कन्नड तिला यायचं. प्रवचन तर सगळंच्या सगळं डोक्यावरून जायचं.

"मग झालं काय?"

तिनं सुरी खाली ठेवली. "सांगते, पण हसू नकोस. एका रविवारी गाणं चाललं होतं. त्यातला 'कृपे' एवढा एकच शब्द मला कळत होता. मी सोमवारच्या रिलीजचा विचार करत होते, कुणाला काय काम द्यायचं ते. आणि मधेच वाटलं की इथे कुणीतरी आहे, आणि ते आपल्याला आधीपासून ओळखतं. रडू वगैरे आलं नाही. गाणं संपलं, मी बॅगेची चेन लावली, अज्जींना धरून बाहेर आले. पण ते वाटणं काही गेलं नाही. नंतर काही रविवार मी मुद्दाम गेले नाही. अज्जींना कॅब करून दिली. तरी गेलं नाही."

माझी बायको ठरवून जगणारी बाई आहे. सुट्टीची तिकिटं ती महिनेन् महिने आधी काढते. एखादी गोष्ट आपल्याला न विचारता आपल्यात शिरावी, हे तिच्या स्वभावात बसणारं नव्हतं. तिला त्रासच झाला असावा. पण तेव्हा मला तिचा त्रास दिसला नाही, माझाच दिसला. आता पुण्याला काय वाटेल? मीच हिला बदललं असं म्हणतील. बाबांनी दिलेल्या शब्दाचं काय? शिवाय हल्लीचे दिवस असे, की धर्म बदलला एवढं वाक्य ऐकलं की लोक पुढचं ऐकत नाहीत. आणि आत कुठेतरी एक वेगळीच टोचणी होती. मी त्या घरात जन्मलो, गुडघे टेकून प्रार्थना करत वाढलो, मला असं कधी काही वाटलं नव्हतं. आणि हिला पंख्याखाली बसून वाटलं.

मी बाबांना फोन केला. ते आनंदानं उडी मारतील असं मला वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "मी येतो. तोवर तिला काही बोलू नकोस."

बाबा बसनं आले. सकाळी आंघोळ करून, पोहे खाऊन त्यांनी बायकोला समोर बसवलं. मी ऑफिसला जायचं सोडून तिथेच रेंगाळलो.

"माझ्यासाठी करतेस?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"ह्याच्यासाठी?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "हा तर चर्चला येतही नाही."

"काही संकट आलंय? आजार, नोकरी, मूलबाळ? नवस बोलल्यासारखं काही?"

"काहीच नाही. सगळं ठीक चाललंय. तेच मला कळत नाही."

बाबांनी चष्मा काढून पुसला. गावातल्या भांडणांत मधे पडताना ते असंच करायचे. मग म्हणाले, "आपल्या भाषेत विश्वास बसतो असंही म्हणतात आणि विश्वास ठेवतो असंही म्हणतात. बसतो तो आपल्या हातात नसतो. ठेवतो तो आपण ठेवतो. तुझं कुठलं?"

खाली अज्जींच्या कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "आधी बसला. तो मी बसवला नाही. पण आता रोज ठेवावा लागतो. काही दिवस ठेवायला अगदी जिवावर येतं."

बाबांनी मान हलवली. त्यांना हे उत्तर आवडलं, एवढं मला कळलं. पण लगेच त्यांचा आवाज कडक झाला. "तुझ्या आईवडिलांना मी शब्द दिलाय. हे तू त्यांना समोरासमोर सांगायचं. फोनवर नाही. त्यांनी परवानगी द्यायलाच हवी असं नाही, तू मोठी आहेस. पण त्यांच्यापासून लपवून होणार असेल, तर मी चर्चमध्ये पायही ठेवणार नाही."

सासू-सासरे पुढच्या महिन्यात येणारच होते. सासऱ्यांना किल्ल्यांचं वेड. विमानतळावरून देवनहळ्ळीचा किल्ला जवळच, म्हणून त्यांना परस्पर तिकडे घेऊन जायचं आणि मग घरी, असं आमचं ठरलं होतं. घरी गेल्यावर जेवणं झाली की सांगू, असा बायकोचा बेत होता. पण तिच्यानं तेवढं थांबवेना. तटावर सासरे दगडांवरून हात फिरवत होते, सासूबाई सावली बघून टेकल्या होत्या, आणि तिनं एका दमात सांगून टाकलं.

सासऱ्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. "तुमच्याकडून काही दबाव?"

"अप्पा, तो स्वतःच जात नाही," बायको म्हणाली.

"मग हे उलटंच झालं की!" ते म्हणाले, आणि तटाच्या कडेनं एकटेच पुढे चालत गेले.

सासूबाई तिथेच बसून होत्या. त्यांनी ओरडून बोलावं, रडावं, अशी माझी तयारी होती. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "आपल्या देवघरात तुला काय कमी पडलं गं?"

"काही कमी पडलं नाही, आई. कमी पडलं म्हणून मी गेले असते, तर सांगणं सोपं होतं."

"मग मी कुणाला दोष देऊ?"

बायकोनं आईशेजारी बसून तिच्या हातावर हात ठेवला. सासूबाईंनी तिचा हात झटकला नाही, पण धरलाही नाही.

त्यानंतरचे दिवस घरात शांततेचे होते, पण ती शांतता बरी नव्हती. सासूबाई मधूनच एखादा प्रश्न विचारायच्या. नाव बदलणार? नाही. कुंकू? लावायचं तर लावीन. गणपतीला येणार? येणार, मोदक वळायला बसणार. आरतीला? इथे बायको थांबली. "उभी राहीन, आई. पण मनात नसताना हात जोडले, तर ते तुझ्या देवाशीही खोटं होईल." सासूबाई उठून गॅलरीत गेल्या आणि वाळलेले कपडे काढायला लागल्या. बायको बाथरूममध्ये जाऊन रडली. या सगळ्यात मला तेव्हा पहिल्यांदाच कळलं की तिला हे फुकट मिळालेलं नाही. मिळालं फुकट असेल, पण घेण्याची किंमत तिला मोजावी लागत होती.

सासूबाईंचा खाली अज्जींकडे जायचा परिपाठ मात्र सुरू झाला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. अज्जी त्यांना गुडघा दाखवायच्या, सासूबाई आपली कंबर. एकदा मी त्यांना बोलवायला गेलो तर दोघी मिळून फणसाचे गरे काढत होत्या, हाताला तेल लावून. जिनं मुलीला आत बोलावलं ती हीच, हे सासूबाईंना माहीत होतं. तरी त्या गेल्या.

बाप्तिस्म्यासाठी बाबा गावाहून पुन्हा आले. आदल्या संध्याकाळी सासरे म्हणाले, "मी येणार नाही. मला जमायचं नाही. माझा राग नाही, पण जमायचं नाही." सकाळी बघतो तर सासूबाई इरकली नेसून तयार. मला म्हणाल्या, "तुम्ही माझ्याशेजारी बसा. मला त्यातलं काही कळणार नाही."

अशा रीतीनं मी कित्येक वर्षांनी उपासनेला बसलो. सगळं कन्नडमध्ये, पण क्रम तोच. आता कबुलीची प्रार्थना, आता वाचन, आता उभं राहायचं. सासूबाई कुजबुजत विचारायच्या आणि मी सांगायचो. कुठल्या गोष्टीनंतर काय येतं, हे मला न आठवताच येत होतं.

तिथल्या पाळकांनी बाप्तिस्मा द्यायला बाबांना बोलावलं. प्रश्न मराठीत विचारले तर चालतील का, असं बाबांनी आधीच विचारून ठेवलं होतं, आणि "सरी, सरी," म्हणून त्या पाळकांनी लगेच मान डोलावली होती. बायको पुढे जाऊन उभी राहिली. बाबा म्हणाले, "तू हे स्वतःच्या इच्छेनं करतेस का?"

"हो," ती म्हणाली, "देवाच्या साहाय्यानं."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "हे नक्की काय? स्वतःच्या इच्छेनं की देवाच्या साहाय्यानं?"

"दोन्ही."

"दोन्ही कसं असेल?"

"ते बाबांनाही नीट सांगता येत नाही, आई."

त्यांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडू आलं, पण त्यांना हसू आलं होतं. मग दोन्ही झालं. पुढे बाबा ओंजळीनं बायकोच्या डोक्यावर पाणी घालत होते, ते तिच्या मानेवरून ब्लाउजमध्ये उतरत होतं, आणि सासूबाई पुटपुटल्या, "सर्दी होईल हिला." उपासना संपल्यावर त्यांनी भर गर्दीत पदरानं तिचे केस पुसले. अज्जी काठी टेकत आल्या आणि दोघींकडे बघत राहिल्या.

घरी आलो तेव्हा सासऱ्यांनी सगळ्यांसाठी फिल्टर कॉफी करून ठेवली होती. ती इतकी कडू झाली होती की प्यायला धीर लागला. आम्ही सगळ्यांनी ती संपवली.

बाबा परत जायच्या दिवशी मी त्यांना बागेत फिरायला घेऊन गेलो. ते मला काही विचारतील असं वाटत होतं. शेवटी मीच म्हणालो, "तुम्ही मला कधी का नाही विचारलं, चर्चला का येत नाहीस म्हणून?"

"विचारून काय झालं असतं? तू माझ्यासाठी आला असतास." मग थोडं चालून म्हणाले, "मी तुझ्यासाठी रोज मागतो. मागणं माझ्या हातात आहे. पुढचं नाही."

त्या वर्षी गणपतीला आम्ही पुण्याला गेलो. बायकोनं ठरल्याप्रमाणे मोदक वळले. आरती सुरू झाली तेव्हा ती खोलीच्या एका कडेला उभी राहिली, हात न जोडता. सासऱ्यांनी एकदा बघितलं आणि मान वळवून टाळ्या वाजवत राहिले. नंतर प्रसाद वाटताना एका मावशींनी सासूबाईंना विचारलंच, "हिनं हात का नाही जोडले?"

"तिचं आता चर्च असतं," सासूबाई म्हणाल्या. कुणाचा उपास असतो, कुणाला गोड चालत नाही, अशा सुरात.

"आणि जावयाचं?"

"त्याचं काही नसतं."

सगळे हसले, मीही हसलो. पण ते वाक्य परतीच्या प्रवासात माझ्याबरोबर होतं. बंगळूरला आल्यानंतरच्या रविवारी मी लवकर उठलो, दाढी केली आणि गाडीची किल्ली घेतली. चर्चमध्ये मी बायकोच्या आणि अज्जींच्या मध्ये जाऊन बसलो. मला काही झालं नाही. तरी पुन्हा जावंसं वाटलं, आणि त्याच्या पुढच्या रविवारी गेलो.