तीन चेंडू आणि माझी सुवाच्य चिठ्ठी

चहा घ्या, मात्र ज्यांना हसू आवरत नाही त्यांनी कप आधी खाली ठेवा. पस्तीस वर्षे मी मुलांना एकच वाक्य ऐकवत आले, "आधी सूचना वाचा, मग पेन उचला." त्याच माझ्या हातून, भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात, सहा खाटांचा अख्खा वॉर्ड नापास झाला. सांगू तरी कोणत्या तोंडाने? पण सांगते.

पावसाळ्यात फ्लू झाला. लाखनीला घरीच काढे पीत बसले आणि दुखणे छातीत उतरले. विषाणूमुळे फुप्फुसांना सूज आली आहे, असे डॉक्टर म्हणाले आणि नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. शेजारच्या खाटेवर कौसल्याबाई होत्या, मोहाडीकडच्या विणकर. आजार तोच. फरक एवढाच, की मला घरी जाण्याची घाई नव्हती आणि त्यांना होती.

"मागावर कोशाच्या रेशमाची साडी अर्धी राह्यली जी, बाई," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पोरीच्या लग्नाची हाय. पंधरा दिवस उरले."

"दुसरे कोणी विणून देईल की!"

"हात बदलला का कापडात पट्टा दिसते. माही पोरगी लग्नात पट्टा नेसन का?"

हे मला पटले. असे क्वचितच घडते.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आली. श्वेता तिचे नाव. माझ्या नातीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. तिने प्रत्येकीला प्लास्टिकचे एक उपकरण दिले. तीन उभे कप्पे, प्रत्येकात एक निळा चेंडू आणि बाजूला एक नळी. ती ते कसे वापरायचे हे अगदी सविस्तर समजावून सांगत होती.

आणि मी? मी पाहत होते की सहाही उपकरणे हुबेहूब सारखी आहेत! छातीच्या आजाराचा वॉर्ड, आणि एकीची नळी दुसरीच्या तोंडात गेली तर? वह्यांना लावायच्या कोऱ्या चिठ्ठ्या माझ्या पिशवीत असतातच. हो, दवाखान्यातसुद्धा! तिचे सांगणे चालू असताना मी सहा नावे सुवाच्य अक्षरात लिहिली, खाली खाटेचा क्रमांक टाकला आणि उपकरणाच्या दर्शनी भागावर, एक रेघ इकडेतिकडे न होऊ देता, चिकटवली; बाकीच्या पाचजणी माझे अक्षरच पाहत राहिल्या.

"तिन्ही चेंडू वर जायला लागले," श्वेता म्हणत होती, "आणि वऱ्हांड्यात चालताना ऑक्सिजन उतरला नाही, की सुट्टी. समजलं ना सगळ्यांना?"

सर्वांच्या वतीने मी म्हणाले, "समजले." वर्गात असे उत्तर देणाऱ्या मुलाकडे मी नेहमी संशयाने पाहत असे.

ती गेली. कौसल्याबाईंनी नळी तोंडाजवळ नेली. "बाई, आता का करू?"

"फुंकायचे," मी निःशंकपणे म्हणाले. जिने चुलीपुढे फुंकणी धरली आहे, ती बाई नळीचे दुसरे काय करणार? सगळ्यांना तत्काळ पटले. आम्ही फुंकले. चेंडू ढिम्म! पुन्हा फुंकले, डोळे बाहेर येईपर्यंत.

समोरच्या विमलाताई म्हणाल्या, "बाई, हे बिघडलेलं हाय."

"उपकरण बिघडत नाही, विद्यार्थी कमी पडतो!"

असे म्हणून मी ते उपकरण इकडून तिकडून न्याहाळले, उलटे धरले आणि सहज फुंकले. काय आश्चर्य! तिन्ही चेंडू टणाटण वर!

"उलटं धरा!" मी ओरडले. वॉर्डात टाळ्या वाजल्या. मग काय, दर तासाला माझा वर्ग. "एक, दोन, फुंका!" सिस्टर दारातून डोकावून जात; एवढी शिस्त पाहून त्यांनाही बरे वाटे. कौसल्याबाई तर जीव तोडून फुंकत. श्वेता सकाळी येऊन विचारी, "किती चेंडू?" आम्ही एका सुरात सांगत असू, "तीन!" कागदावर तीन लिहिले जात.

सरावाच्या तिसऱ्या दिवशी श्वेताने कौसल्याबाईंना वऱ्हांड्यात चालवले. दहा पावलांत त्यांना दम लागला. बोटावरच्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशीवर आला. त्यांना तिथेच खुर्चीवर बसवावे लागले.

"तीन चेंडू आणि दहा पावलं?" श्वेता बुचकळ्यात पडली. डॉक्टरांनी सुट्टी पुढे ढकलली, ऑक्सिजन पुन्हा लावला. कौसल्याबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवले.

आणि मी काय म्हणावे? "तुमचा सराव कमी पडला. आजपासून दुप्पट." हो, असे म्हणाले मी! आजही ते आठवले की कानांच्या पाळ्या तापतात.

श्वेता म्हणाली, "मावशी, एकदा माझ्यासमोर करून दाखवा बरं."

कौसल्याबाईंनी उपकरण उलटे केले, गाल फुगवले आणि फुंकले.

तिन्ही चेंडू वर!

"हे कोणी शिकवलं?"

पाच बोटे माझ्याकडे वळली.

मी ताठ बसले. "मुली, सूचना स्पष्ट असावी. या उपकरणावर तर काहीच लिहिलेले नाही."

 श्वेताने कौसल्याबाईंच्या उपकरणावरची माझी सुवाच्य चिठ्ठी नखाने हळूच सोलली. खाली एका माणसाचे चित्र, तोंडाकडे जाणारा भलामोठा बाण आणि ठळक मराठीत लिहिलेले, 'श्वास आत ओढा. फुंकू नका.'

"मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली, "श्वास आत ओढला की फुप्फुसं उघडतात. चेंडू फक्त साक्षीला असतात." ती रागावली असती तर बरे वाटले असते.

मी कौसल्याबाईंकडे वळले. "मी चुकले. माझ्यामुळे तुमचे दिवस गेले." डोळ्यांतले पाणी हातातल्या नळीवर टपटपले.

"अवो बाई, रडून काहून राहिल्या? नळी वल्ली होईन ना! चला, आता वढा!"

ओढले. एकच चेंडू जरासा थरथरला, बस्स. पण तो खरा होता. श्वेताने सांगितल्याप्रमाणे कौसल्याबाई पालथ्या झोपत आणि मी मनगटावरचे घड्याळ धरून वेळ मोजत असे. उठल्या की पुन्हा श्वास ओढणे. चार दिवसांनी त्या वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आल्या, आणि आकडा जागचा हलला नाही. त्या संध्याकाळी त्या मागाकडे निघाल्या. जाताना ती सोललेली चिठ्ठी मागून घेतली. मला वाटले, आठवण म्हणून.

लग्नाला गेले मी. चष्मा लावून नवरीची साडी पदरापासून काठापर्यंत तपासली. कुठेही पट्टा नव्हता! मी सुटकेचा श्वास सोडला. (आधी नीट ओढून, मग सोडला.)

कौसल्याबाई मला हात धरून मागापाशी घेऊन गेल्या. मागाच्या लाकडावर ती माझी चिठ्ठी चिकटवलेली! मी चष्मा काढून पुसला.

"गावच्या पोरायले दाखवतो मी," त्या म्हणाल्या. "म्हणतो, पाहा रे, अक्षर असावं तं असं!"

माझी मान अभिमानाने ताठ झाली.

"अन् म्हणतो, चिटकवाच्या आधी खाली का लिवलं हाय, थे वाचत जा!"