अक्कांच्या खिडकीचा पडदा

अक्कांना खिडकीतून काही दिसू नये, म्हणूनच मी पट्ट्या काढून पडदा लावला. घरात सांगताना उन्हाचं कारण सांगितलं. जळगावात एप्रिल लागला की उन्हाचं कारण कोणीही मुकाट्यानं मान्य करतं, तसं नवऱ्यानंही केलं.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या गल्लीपासून धुळ्याच्या नातेवाइकांपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणतात. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. राहिले डावा हात, कान आणि नजर. पुढच्या खोलीत खिडकीला लागून त्यांचा पलंग टाकला. त्या खिडकीला ऑफिसात असतात तसे उभ्या पट्ट्यांचे ब्लाइंड्स होते. घर बांधलं तेव्हा नवऱ्याला तेच हवे होते. बाजूला मण्यांची साखळी लोंबायची. ती डाव्या हातानं ओढली की सगळ्या पट्ट्या एकदम वळायच्या आणि फाटक, रस्ता, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, सगळं दिसायचं. घरात अक्कांच्या हुकमात राहिलेली ती एकच वस्तू होती.

मी कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी गिरणीपाशी वळले की खिडकीतल्या पट्ट्या फिरायच्या. फटींतून तो चेहरा, ती नजर. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. बाईचं अर्धं शरीर गेलं तरी पाळत काही सुटली नाही, असं मी मनात म्हणायचे, आणि कधी कधी मोठ्यानंही.

त्या नजरेची आणि माझी जुनी ओळख होती. माझं माहेर तासाभरावरच्या दीपनगरच्या कॉलनीतलं. आई आजारी होती तेव्हा एकदा ऑफिसातून परस्पर तिला बघायला गेले, घरी कळवलं नाही, आणि परतायला उशीर झाला. अक्का तेव्हा धडधाकट होत्या. त्यांनी आतून कडी लावून घेतली. मी बेल वाजवली, हाका मारल्या. त्यांनी पट्ट्या उघडल्या आणि आतून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. शेजारीण गच्चीवरचे पापड काढत होती, तिनंही सगळं पाहिलं. नवरा येईपर्यंत मी पायरीवर उभी होते. महिन्याभरात आई गेली. तिची आठवण आली की आधी मला ती पायरी आठवते. हे मी अक्कांना माफ केलेलं नाही, आजही नाही.

पडदेवाल्याला बोलावलं ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पंधरा दिवस आधी. आखाजीला आमच्या खानदेशात सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, म्हणून त्याआधी घर आवरायचा धडाका असतो. त्यात खिडकीचं काम कोणाच्या डोळ्यावर आलं नाही. पडदेवाला मारवाडी, सावकाश बोलणारा माणूस. माप घेताना त्यानं पलंगाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि टेप गुंडाळत म्हणाला, "भाभी, आईजींचा हात वर पोचणार नाही. दोरीवाला ट्रॅक टाकू का? दोरी पलंगापर्यंत सोडतो. एक पदर ओढला की पडदा उघडेल, दुसरा ओढला की मिटेल."

"नको," मी म्हटलं. "त्यांना काय करायचंय उघडून?"

अक्कांना नीट ऐकू येतं हे मला ठाऊक होतं. म्हणून तर मी मोठ्यानं बोलले.

जाड, मरून रंगाचा पडदा लागला. खोलीत भर दुपारी दिवा लावावा असा अंधार झाला. नवरा म्हणाला, "छान गार वाटतंय." पहिले दोन दिवस अक्कांनी प्रयत्न केला. डाव्या हातानं पडद्याची कड धरून ओढायच्या, वीतभर सरकला की वर रॉडवर रिंगा अडकायच्या, आणि हात पलंगावर पडायचा. मी दारात उभी राहून बघत होते. दोन पावलं पुढे जाऊन रिंगा सरकवायला काय लागत होतं? पण मी हलले नाही. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी कडेला हात लावला नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

आखाजीला नणंद धुळ्याहून आली. मागच्या दोन्ही आखाजींना अक्का सकाळपासून रस्त्याकडे डोळे लावून असायच्या आणि लेक रिक्षातून उतरताना दिसली की डावा हात पलंगावर आपटायच्या. यंदा नणंद थेट खोलीत येऊन उभी राहिली, तेव्हा त्यांना कळलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पिशवी खाली टाकून ती आईच्या अंगावरच पडली. "माय, पडदा बंद दिखना तं माले वाटनं तू गयी!"

दोघी रडल्या. मग नणंद उठली, तिनं पडदा टोकापर्यंत सारला आणि माझ्याकडे वळली. "कोणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"माझ्या," मी म्हटलं. "एवढा पुळका असेल तर धुळ्याला न्या ना. बसवा तुमच्या खिडकीत."

तिच्या घरी दोन खोल्या, त्यात तिचे सासू-सासरे. ती नेऊ शकणार नाही हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि अक्कांनाही. तिनं खाली टाकलेली पिशवी उचलून आत नेली. दुसऱ्या दिवशी जाताना माझ्याशी न बोलता गेली, आणि मी पडदा पुन्हा ओढून घेतला.

त्याच आठवड्यात मी कामाच्या बाईवर घसरले. ती अक्कांचं सगळं करते आणि मी येईपर्यंत थांबते. पूर्वी मी घरात पाऊल टाकलं की चहा उकळलेला असायचा. पडदा लागल्यापासून शेगडी थंड. "चहा ठेवायचंही आता सांगावं लागतं का?" मी म्हटलं.

ती हात पुसत म्हणाली, "ताई, तुम्हनी येवानी येळ व्हयनी का अक्का पट्ट्या फिरायेत. तुम्ही गिरनीपाशी दिखन्यात का हात करीसन माले सांगेत, चहा ठेव. आते त्यासले काही दिखत नही. माले कशी खबर पडी?"

मी तिथेच स्टुलावर बसले. दोन वर्षं अक्कांनी ठेवायला सांगितलेला तो चहा मी पीत होते. मला लाज वाटली, आणि रागही आला. अक्कांचा मनसोक्त राग करण्याची सोयही त्यांनी ठेवली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी मी पडदेवाल्याला बोलावून दोरीचा ट्रॅक बसवून घेतला. दोरी मी स्वतः पलंगाच्या दांड्याला बांधली आणि टोक अक्कांच्या डाव्या हातात दिलं. "अक्का, ओढून बघा," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दोरीही ओढली नाही.

त्या संध्याकाळी मी गिरणीपाशी वळले. पडदा सताड उघडा होता आणि खिडकीत अक्कांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. मला इतकं हायसं वाटलं की भर रस्त्यात मी हात वर केला.

पडदा बंद झाला.

बाई सांगते, दिवसभर तो उघडा असतो. दूधवाल्यासाठी, भाजीवालीसाठी, गल्लीतल्या कुत्र्यांसाठीसुद्धा. मी वळले की दोरी ओढली जाते. आता पाच महिने झाले, एक दिवस चुकलेला नाही. मी पायरीवर थोडा वेळ उभी राहते, मग किल्लीनं दार उघडते आणि माझा चहा मीच ठेवते.