धुतलेल्या वाट्या

मैत्रिणीच्या आग्रहामुळे एका नावाजलेल्या डिझायनरच्या दागिन्यांच्या शोरूममध्ये गेले होते. नव्या हिऱ्यांच्या शेजारी जुन्या सोन्याचं एक काचेचं कपाट होतं आणि त्यात काळ्या मखमलीवर कानातल्यांची एक जोडी. नीट बघितलं आणि डोकंच फिरलं. त्या मंगळसूत्राच्या वाट्या होत्या. एक माहेरची, एक सासरची, आता दोन कानांना एकेक. खाली मोती लोंबत होते आणि कार्डावर डिझायनरचं नाव ठसठशीत.

"विंटेज आहे मॅडम," तिथली मुलगी कौतुकाने म्हणाली. "आतून किती पिवळी घाण निघाली! सगळी साफ करून घेतली."

घाण? रोज आंघोळ झाली, कपाळाला हळदकुंकू लावलं, की बाई तेच बोट या वाटीला टेकवते. कुणाकडे हळदीकुंकवाला गेली की तिथेही. वर्षानुवर्षं त्याचा थर आत साठत जातो. नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालेल्या सकाळीही बोट तिथं गेलंच असेल. सोनं काय, कुठल्याही पेढीवर मिळतं. तो थर एकाच बाईचा होता. जुनं म्हणून मिरवायचं आणि जे खरोखर जुनं तेवढंच खरवडून फेकायचं, ही यांची कदर!

"हळद होती ती," मी म्हटलं. आवाज चढलाच.

मुलगी दचकली. मला किळस आली असं तिला वाटलं असावं. घाईघाईने समजूत काढत म्हणाली, "काळजी करू नका मॅडम, आता आत काहीएक राहिलेलं नाही."