फुंक जास्त भरली

"फुंका, काका, फुंका! अजून! अजून! सोडू नका, सोडू नका, सोडू नका!"

ओरडत होती ती स्पायरोमेट्री, म्हणजे श्वास मोजायची तपासणी, करणारी टेक्निशियन. मुलगी चवळीच्या शेंगेएवढी, पण आवाज असा की देवळालीच्या तोफखान्याने तिला उचलून न्यावं. माझ्या नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि मी फुंकतोय. मी म्हणजे देवळाली कॅम्पातला बँडमास्तर. पंचवीस वर्षं ट्रम्पेट वाजवलं. माझ्या एका फुंकेने भगूरला नवरदेवाची घोडी उधळली आणि नवरदेवासकट नदीपलीकडे गेली. लग्न मग तिकडेच लागलं. हे पाहिलेले लोक अजून जिवंत आहेत. निदान मी तरी आहे.

तिसऱ्या फुंकेला खोकल्याची अशी उबळ आली की नळी भिंतीवर जाऊन आपटली. मशीनने कागदावर एक रेघ काढली. थोडी चढली आणि बसली.

डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडाकडे धरली. "याला इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस म्हणतात."

फायब्रोसिस म्हणजे फुप्फुसं आतून घट्ट होत जाणं. वेलीवर राहून गेलेलं घोसाळं वाळतं ना, तसं. गर जातो, जाळी उरते. आणि इडिओपॅथिक म्हणजे हे का झालं ते माहीत नाही. एवढा जबडाभर शब्द, आणि अर्थ काय, तर ठाऊक नाही!

"औषध?"

"खात्रीचं नाही."

"मग मी किती..."

"दोन वर्षं, तीन वर्षं. कुणी जास्तही काढतात."

माझी बायको शोभा शेजारी बसली होती. तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मी डॉक्टरांना एक विनोद सांगितला. कुठला ते आठवत नाही. कुणी हसलं नाही, एवढं आठवतं.

छातीत वरून जंतुसंसर्गही झाला होता. आठवडाभर अँटिबायोटिक घेतल्यावर तो कफ आणि ताप गेला, आणि डॉक्टरांनी क्लिनिकल ट्रायलचं सांगितलं. म्हणजे नव्या औषधाची माणसांवर चाचणी. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी गोळी. तिला प्लासिबो म्हणतात. कुणाला कुठली ते कॉम्प्युटर ठरवणार. रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. हे डबल ब्लाइंड. शोभाने सतरा पानांचं संमतिपत्र मला ओसरीवर बसून मोठ्याने वाचून दाखवलं. मळमळ, चक्कर, उन्हाने कातडी लाल होणं, सगळं. मी म्हटलं, "अगं, गोळी खाऊन मला शिंगं आली तरी चालेल. फुंक राहू दे."

आधी स्क्रीनिंग होणार होतं. म्हणजे तुम्ही त्या चाचणीत बसता का, ते तपासणं. आणि इथे मी जन्मात केला नाही एवढा गाढवपणा केला.

आमच्या धंद्यात कुणी फुंक बघायला बोलावलं तर आपण जीव काढून दाखवतो. आर्मीच्या मोठ्या साहेबाच्या मुलीचं लग्न असो की बँडची स्पर्धा, आठ दिवस आधीपासून तालीम. तशीच मी केली. सकाळी वाफ, जेवणानंतर ज्येष्ठमध, दुपारी ट्रम्पेट, संध्याकाळी पुन्हा ट्रम्पेट. शेजारच्यांच्या कोंबड्यांनी अंडी घालणं बंद केलं. तपासणीच्या दिवशी आमचे क्लॅरिनेटवाले उस्मानभाई आणि ढोलवाले दोघे, बँडचा लाल कोट घालून दवाखान्याच्या बाकावर हजर.

मी फुंकलं. काय फुंकलं! नळीच काय, टेबलावरचे कागद, टेक्निशियनची ओढणी, सगळं हललं. तिन्ही फुंका एकसारख्या, सुरात. दाराबाहेर उस्मानभाई ओरडले, "वाह उस्ताद! मशीन का तो बाप निकला!" ढोलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. वेटिंग रूममधले दमेकरीसुद्धा हसले. हसता हसता खोकले.

डॉक्टर आले, कागद बघितला, आणि खुर्चीत बसले.

"मास्तर, तुमची एफव्हीसी जास्त आली."

एफव्हीसी म्हणजे फोर्स्ड व्हायटल कपॅसिटी, एका दमात बाहेर टाकता येणारी सगळी हवा. मी मिशीवरून हात फिरवला. "म्हणजे पास!"

"नापास. ठरलेल्या मर्यादेच्या वर आहे. तेवढा श्वास असलेल्या माणसाला या चाचणीत घेता येत नाही."

मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मी म्हटलं, साहेब, ती फुंक खोटी, ज्येष्ठमधाची. मी म्हटलं, पुन्हा घ्या, आत्ता घ्या, मी आजारी आहे, मी फार आजारी आहे, या सगळ्यांपेक्षा आजारी आहे! पाया पडलो. शोभाने दंडाला धरून उठवलं.

"नियमाप्रमाणे तीन महिन्यांनी एकदा परत तपासता येतं," डॉक्टर म्हणाले.

"तीन महिन्यांत काय होणार?"

त्यांनी फिल्मकडे पाहिलं. "कमी होईल."

मग ते तीन महिने. माणसं बरं व्हायची वाट बघतात. आमच्या घरात मी खालावण्याची वाट बघणं सुरू झालं.

मी ट्रम्पेट काढायचो आणि एक सूर धरायचो. शोभाने ओसरीवरून निघायचं आणि चालायचं. सूर तुटला की थांबायचं. पहिल्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत पोचली. महिन्याने दुकानाच्या अलीकडच्या नळापर्यंतच. मी खूश. म्हटलं, "बघ, उतरतेय!" पुढच्या आठवड्यात ती पुन्हा दुकानापाशी. मला वाटलं, वाढली की काय! घाम फुटला. नीट बघतो तर बाई पदर खोचून जवळजवळ पळत होती.

"अगं, हळू चाल! तू मला नापास करशील!"

"मी रोजच्यासारखीच चालतेय," ती म्हणाली, धापा टाकत.

दुसऱ्या तपासणीला आम्ही दोघंच गेलो. पायऱ्या चढताना मी चौदा वेळा थांबलो. पायऱ्या बाराच होत्या, पण तरी.

इथे एक कबूल करतो. माझ्यानंतर येणाऱ्या रुग्णांच्या उपयोगाचं आहे. पहिली फुंक मी चोरली. निम्मी हवा आत ठेवली. बँडवाल्याला ते जमतं. त्या मुलीने रेघ पाहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, चोरू नका. इथं दिसतं. असं केलं तर मला लिहून द्यावं लागेल, आणि मग कधीच घेणार नाहीत." त्या दिवशी ती पहिल्यांदाच ओरडली नाही. त्यानेच मी घाबरलो.

मग मी सगळी दिली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, शेवटचा थेंबसुद्धा बाहेर काढला. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "बसता तुम्ही." बरोबर मर्यादेच्या खाली. या वेळी काहीही चोरलं नव्हतं. सगळी एवढीच उरली होती.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. चाचणी अजून चालू आहे. माझी गोळी खरी की साधी, मला माहीत नाही. बारकी पिवळी आहे, जेवणानंतर घेतो. ट्रम्पेट आता उस्मानभाईंचा भाचा वाजवतो आणि मी शेजारी उभा राहून त्याला शिव्या देतो. शिव्या द्यायलाही दम लागतो. दर भेटीला तीच मुलगी ओरडते. तिचे, डॉक्टरांचे उपकार आहेत. त्यांनी मला कधी खोटं सांगितलं नाही, आणि माझं खोटं पकडलं.

तुम्हाला कुणी चाचणीचं विचारलं तर संमतिपत्र घरच्यांकडून मोठ्याने वाचून घ्या. कधीही बाहेर पडता येतं का, ते विचारा. कोण बसतं आणि कोण बसत नाही, हे आधी विचारा. आणि असाल तसे जा. तालीम करून जाऊ नका.

तर त्या दुसऱ्या तपासणीच्या दिवशी. मी खोलीतून बाहेर आलो तो नाचतच. वेटिंग रूम भरलेली, शोभा कोपऱ्यात टिफिन मांडीवर घेऊन बसलेली. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "घेतलं! घेतलं मला! फुंक खाली गेली, शोभा, पार खाली गेली!"

लोक माझ्याकडे बघत राहिले. तिने टिफिन पिशवीत ठेवला, उभी राहिली.

"बरं," ती म्हणाली. "आता वाढवा."